सुईघरातले आठ उन्हाळे

ग्वाल्हेरच्या कंपू भागात, मोजणी खात्याच्या आवारात, कडुलिंबाच्या पलीकडे, चुन्याची एक बुटकी खोली होती. तिला सगळे सुईघर म्हणायचे. त्या खोलीत लोखंड औषधालासुद्धा सापडायचं नाही. बिजागऱ्या पितळेच्या, खिळ्यांच्या जागी लाकडी खुंट्या, कुलूपही पितळी. मधोमध रेशमाच्या दोऱ्याला चुंबकाची सुई टांगलेली, तिच्या अंगावर टिकलीएवढा आरसा आणि समोर आकड्यांची पट्टी. आरशात पट्टीवरचा कोणता आकडा दिसतो ते नळीतून बघायचं आणि वहीत लिहायचं. सकाळी आठला, दुपारी बाराला, संध्याकाळी चारला. जमीन मोजणाऱ्यांचे कंपास याच सुईवरून तपासून निघायचे, म्हणून दरबारने ती बसवली होती. लक्ष्मीकांतराव भाटवडेकर हे काम एकोणीसशे एकोणतीस सालापासून करत होते.

अनसूया त्यांची बायको. शिक्षण मराठी चौथी, माहेर झाशीचं. सुईशी तिचं काही देणंघेणं नव्हतं, निदान सुरुवातीला तरी. नवरा जेवताना सुईच्या गोष्टी सांगायचा आणि ती हं हं करत पोळी वाढायची. पण वीस वर्षं एकच विषय कानावर पडला तर माणूस शिकणारच की. सुई एरवी शहाण्यासारखी वागते, सकाळी जरा इकडे, दुपारी जरा तिकडे. एखाद्या दिवशी मात्र बिथरते. आणि ती बिथरायच्या दोनचार दिवस आधी बहुतेक वेळा सूर्याच्या मध्यावर काळा डाग आलेला असतो. लक्ष्मीकांतराव ओसरीत दुर्बीण लावून सूर्याचं बिंब कागदावर पाडायचे, ताटलीएवढं, आणि डाग पेन्सिलीने गिरवून ठेवायचे. हे खात्याने सांगितलेलं नव्हतं, हा त्यांचा स्वतःचा नाद.

"सूर्यावरून काहीतरी निघतं," ते म्हणायचे. "उजेड आठ मिनिटांत येतो. हे मात्र दोन दिवस घेतं, कधी चार. वाऱ्यासारखं काहीतरी."

"मग इथवर येईपर्यंत तो वारा तसाच राहतो का?" अनसूयेने एकदा विचारलं. "आपली उन्हाळ्यातली लूसुद्धा वाळवंटातून निघते तेव्हा वेगळी असेल आणि कंपूत शिरते तेव्हा वेगळी."

लक्ष्मीकांतराव घास हातात धरून तिच्याकडे बघत बसले. प्रश्न त्यांना फार आवडला. त्या दिवसापासून ते तिला डागांचे कागद दाखवायला लागले.

अठ्ठेचाळीस साली संस्थान गेलं आणि मध्यभारत झाला. ग्वाल्हेर मोठं की इंदूर मोठं यावर एवढी ओढाताण झाली, की शेवटी दोघांचं मन राखायचं म्हणून राजधानीच दोन केल्या. हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. झालं. दर एप्रिलला अख्खं दफ्तर बोचकी बांधून निघायचं आणि पावसाळा संपता संपता परत यायचं. टेबलं, फायली, शाईच्या दौती, अफसरांच्या खुर्च्या, सगळं. ज्याला हे सुचलं त्याने एकदा तरी ती बोचकी स्वतः उचलायला हवी होती.

एकोणपन्नासच्या एप्रिलमध्ये हुकूम आला, सुईसुद्धा इंदूरला न्यायची. लक्ष्मीकांतराव साहेबांना भेटायला गेले. म्हणाले, सुईचा आकडा हा त्या जागेचा असतो, जागा बदलली की वीस वर्षांची माळ तुटते. साहेबांनी मान वर केली नाही. "जहाँ सरकार, वहाँ सुई," एवढंच म्हणाले. दरबारी वळणात वाढलेल्या माणसाला अफसरापुढे एकदा बोलता येतं, दुसऱ्यांदा नाही. लक्ष्मीकांतराव जी म्हणून परत आले.

आणि मग या गरीब माणसाने आयुष्यात पहिल्यांदा सरकारला फसवलं. पेटीत एक जुना, निकामी कंपास ठेवला, वर लाख लावून मोहोर केली, आणि खरी सुई सुईघरात तशीच टांगलेली ठेवली. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी अनसूयेला तिथे नेलं.

"किल्ल्यांचा जुडगा बाहेर ठेव," ते म्हणाले. "आणि अंबाड्यातल्या पिना काढ. सगळ्या."

"अहो, केस सुटतील."

"सुटू देत. पिना लोखंडाच्या आहेत, सुईला कळतं. आणि आत गेलीस की दार ओढून घे, झुळकीने दोरा हलतो."

पहिला आकडा वाचायला तिला पाव तास लागला. श्वास रोखून रोखून डोळ्यांत पाणी आलं. महिन्याभरात तेच काम ती मिनिटात करायला लागली. आठवड्याला एक पाकीट इंदूरला जायचं. त्यात वर चार ओळी घरच्या, लेकीचा, शामलाचा ताप उतरला, पापड वाळवून झाले, आणि खाली एकवीस आकडे. लक्ष्मीकांतराव ते आकडे वळणदार अक्षरात सरकारी वहीत चढवायचे. वर मथळा, मुक्काम इंदूर. पत्र चुलीत जायचं. अनसूया मात्र आपली एक प्रत ठेवायची, शामलाच्या जुन्या शाळेच्या वह्यांत, उरलेल्या कोऱ्या पानांवर.

ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्याने काढलाय त्यालाच दुपारी बाराला घरापासून सुईघरापर्यंत शंभर पावलं चालणं म्हणजे काय ते कळेल. डोक्यावर ओला पंचा, पायाखाली भाजणारी फरशी, समोर लू. एकदा झाशीला जावं लागलं तेवढे दिवस सोडले, तर अनसूया एक दिवस चुकली नाही. पहिले दोन उन्हाळे तिने नवऱ्यासाठी काढले, हे खरं. तिसऱ्यापासून ती स्वतःसाठी जायला लागली. हे तिने कुणाला सांगितलं नाही, पण तसंच होतं. सकाळचं बिंब कागदावर पाडलं, डाग मध्यावर दिसला, की तिला दिवसभर हुरहूर लागायची. निघालं असेल आता. कुठवर आलं असेल?

हळूहळू तिला एक गोष्ट दिसली, जी लक्ष्मीकांतरावांना दिसली नव्हती. जे दोन दिवसांत यायचं ते सुईला एकदम झटका द्यायचं, चापट मारल्यासारखा. जे चार दिवस लावायचं ते सावकाश यायचं आणि सावकाश जायचं. तिने वहीच्या समासात लिहिलं, "मागून निघालेला चपळ वारा पुढच्या संथ वाऱ्याला वाटेत गाठत असेल. तिथे गर्दी होऊन काठ जाड होतो. तो काठ आधी आपटतो." लिहिलं आणि मग तिला स्वतःचंच हसू आलं. चौथी पास बाई आणि सूर्याच्या वाऱ्याच्या गोष्टी लिहिते.

त्रेपन्न आणि चोपन्न साली सूर्यावर डागच उरले नाहीत. कागद कोरेच्या कोरे. तरीही दर सत्तावीस दिवसांनी सुई थरथरायची. सूर्याला आपल्याकडे तीच बाजू फिरवायला सत्तावीस दिवस लागतात, हे तिला नवऱ्याकडून माहीत होतं. म्हणजे डाग असो नसो, त्या बाजूने वारा वाहतोच आहे, थांबत नाही. ती दिनदर्शिकेवर फुल्या मारून ठेवायला लागली आणि सुई फुलीच्या दिवशी हलली की तिला दिवसभर बरं वाटायचं.

त्रेपन्नच्या जूनमध्ये झाशीहून पत्र आलं, आईचं बरं नाही, बघून जा. फुली दोन दिवसांवर होती. झाशी म्हणजे काय, गाडीने तीन तास. अनसूयेने मनाशी म्हटलं, दोन दिवस थांबते, तेवढ्यात काही होत नाही. फुलीच्या दिवशी सुई हलली, तिने आठचा, बाराचा, चारचा आकडा लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडली. घरी पोचली तेव्हा आईला अंगणात आणून ठेवलं होतं. भावाने विचारलं, पत्र उशिरा मिळालं का? ती हो म्हणाली. त्यानंतर कितीतरी वर्षं जून लागला की तिला जेवण जायचं नाही.

समोरच्या घरात लीलाताई राहायच्या. वाळवणं राखायला दुपारभर गच्चीत. त्यांना काय दिसायचं? नवरा इंदूरला, बाई भर दुपारी अंबाडा सोडून, मोकळ्या केसांनी त्या खोलीत शिरते, आतून दार लावते, आणि बाहेर कडुलिंबाखाली चपराशी सूर्याजी बसलेला. सूर्याजी बिचारा पागेतला म्हातारा, काठीला लोखंडी कडं असल्यामुळे त्याला सुईघरापासून वीस पावलं लांब बसायचा हुकूम होता. पण हे लीलाताईंना कोण सांगणार? सांगितलं तर सुई ग्वाल्हेरातच आहे हे फुटणार. अनसूया गप्प राहिली आणि गोष्ट मोहल्लाभर झाली. पंचावन्न साली शामलाचं ठरत आलेलं स्थळ परत गेलं. मुलाकडच्यांनी कारण दिलं नाही, दिलं असतं तर बरं, निदान भांडता आलं असतं.

छप्पनच्या नोव्हेंबरात मध्यभारतही गेला. मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळ. दफ्तर या वेळी गेलं ते कायमचं. ग्वाल्हेरला उरले आवरसावर करायला लक्ष्मीकांतराव, निवृत्तीला आठ महिने बाकी असलेले, आणि सुई.

सत्तावन्नच्या मार्चमध्ये भालचंद्र नावाचे एक शास्त्रज्ञ मुंबईहून आले. तिशीतले, सडसडीत, बोलायला गोड. जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून पृथ्वी आणि सूर्य तपासायचं मोठं वर्ष जुलैपासून सुरू होणार होतं. त्यासाठी जुन्या नोंदी गोळा करत ते गावोगाव फिरत होते. लक्ष्मीकांतरावांच्या वह्या बघून ते जागचे हलेनात. तीन दिवस ओसरीत बसून त्यांनी पानन्‌पान उलटलं. अनसूया चहा द्यायची आणि स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकायची. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात सुईबद्दल तिसरं माणूस बोलत होतं.

"सूर्यातून वारा सतत वाहत असावा असं काहीजण आता म्हणायला लागलेत," भालचंद्र सांगत होते. "धूमकेतूच्या शेपट्या नेहमी सूर्याच्या उलट दिशेला असतात, त्यावरून. पण तो वाटेत कसा बदलतो हे कोडं आहे. निघताना दाट आणि तापलेला असणार. पुढे पसरतो, विरळ होतो, निवतो. वेग मात्र टाकत नसावा. आणि वेगवान झोत संथ झोताला गाठत असेल, तर मध्ये दाबलेला काठ तयार होईल. हे सिद्ध करायला डाग नसलेल्या वर्षांच्या नोंदी हव्यात. तुमचे त्रेपन्न-चोपन्नचे उन्हाळे म्हणजे सोनं आहे, भाटवडेकरसाहेब."

अनसूयेचे हात कणकेतच राहिले. तिच्या समासातलं वाक्य हा परका माणूस ओसरीत बसून बोलत होता.

तिसऱ्या दिवशी भालचंद्रांनी वही मिटली आणि जरा वेळ बोटं टेबलावर आपटत बसले. मग म्हणाले, "एक विचारू? रागावू नका. इंदूर आणि ग्वाल्हेरची सुई एक दिशा दाखवत नाही, थोडासा फरक पडतो. म्हणजे दर एप्रिलला तुमच्या आकड्यांत एक पायरी दिसायला हवी. आठ वर्षांत एकही पायरी नाही. हे आकडे इंदूरचे नाहीत. ग्वाल्हेरचे आहेत."

लक्ष्मीकांतरावांनी टेबलावरच्या वह्या उगाच सारख्या करून ठेवल्या.

"आणि तुम्ही तर इंदूरला होतात. म्हणजे इथे दुसरं कुणीतरी वाचत होतं. ज्याने वाचलं त्याचा हात फार चांगला आहे. मला फक्त नाव हवं. तक्त्याखाली वाचणाऱ्याचं नाव छापायचा आमचा नियम आहे, त्याशिवाय नोंद धरत नाहीत. मी खात्याला काही कळवणार नाही. खातं आता उरलंय कुठे?"

अनसूया तेवढ्यात आत गेली. फडताळातून तिने आठही वह्या काढल्या, पदराने पुसल्या आणि दारापर्यंत आली. अनसूया लक्ष्मीकांत भाटवडेकर. तिने ते नाव मनात पूर्ण म्हणून पाहिलं. 

"कुणी नव्हतं," लक्ष्मीकांतराव म्हणाले. "मीच लिहिले. इंदूरला बसून, आदल्या वर्षांच्या अंदाजाने."

"अंदाजाने? दर सत्तावीस दिवसांची थरथर अंदाजाने?"

"अठ्ठावीस वर्षांचा हात आहे, डॉक्टरसाहेब."

भालचंद्रांनी वही पुन्हा उघडली. "असं असेल तर मला हे उन्हाळे घेता येणार नाहीत," ते हळू आवाजात म्हणाले. "एकदा विचार करून सांगा."

अनसूयेने उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकलं. लक्ष्मीकांतरावांनी वर पाहिलं. त्या नजरेत राग असता तर ती गेली असती पुढे. तीत काकुळत होती. आता तुम्ही म्हणाल, वह्या टेबलावर टाकायच्या होत्या. म्हणायला काय जातं. पाहुण्यासमोर नवऱ्याला खोटा पाडायचा, तोही असा नवरा, ज्याने उभ्या जन्मात तिला अगंपेक्षा कठोर हाक मारली नाही. तिचं पाऊल मागे आलं. दाराआडून तिने पाहिलं, भालचंद्रांनी लाल पेन्सिल काढली आणि आठ उन्हाळ्यांच्या पानांवर एकेक तिरपी रेघ ओढली. शेवटच्या पानापर्यंत ती तिथेच उभी होती.

संध्याकाळी भालचंद्र स्टेशनवर गेल्यावर ती ओसरीत आली.

"शामलाचं लग्न आहे वैशाखात," लक्ष्मीकांतराव तिने विचारायच्या आधीच म्हणाले. "नवरा इंदूरला आणि ही इथे त्या खोलीत, असं छापून आलं असतं. लीलाताईंचा मुलगा इंग्रजी वाचतो. पुन्हा स्थळ गेलं असतं. मला दुसरं काही सुचलं नाही."

"छापून आलं असतं तर उलट कळलं असतं सगळ्यांना, मी तिथे काय करायला जात होते ते."

हे त्यांना खरंच सुचलं नव्हतं. 

"तुम्ही स्वतःला खोटं म्हणवून घेतलंत, ते तुमचं तुम्ही बघा," अनसूया म्हणाली. "पण माझे आकडे खोटे केलेत. त्यांनी काय वाकडं केलं होतं तुमचं?"

लक्ष्मीकांतरावांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसले. अनसूयेच्या मनात एक वाईट विचार आला, की अठ्ठावीस वर्षं एकट्याचं असलेलं नाव यांना वाटून घ्यायचं नव्हतं की काय. तो विचार आला याचीही तिला लाज वाटली, पण तो गेला नाही. त्यानंतर त्या घरात सुईबद्दल कुणी बोललं नाही. शामलाचं लग्न ग्वाल्हेरातल्याच हजिऱ्याच्या एका घरी व्यवस्थित पार पडलं. जूनमध्ये सुई उतरवून पेटीत भरली आणि भोपाळला गेली. सुईघरात लोखंडी साखळ्या आणि मोडकी टेबलं ठेवायला लागले.

त्रेसष्टच्या दिवाळीच्या सुमाराला मुंबईहून एक पाकीट आलं. लक्ष्मीकांतरावांना तेव्हा दिसेनासं झालं होतं. शामला माहेरी आली होती, ती मॅट्रिक झालेली, तिने उघडलं. आत इंग्रजी छापील पुस्तिका आणि भालचंद्रांचं मराठी पत्र होतं. शामलाने पत्र मोठ्याने वाचलं. रशिया-अमेरिकेच्या यानांनी आता तो वारा प्रत्यक्ष मोजला आहे. तो सतत वाहतो. सूर्यापासून जसजसा लांब जातो तसतसा विरळ होतो, निवतो, पण अडत नाही, पृथ्वी ओलांडून पुढे जातो. चपळ झोत संथ झोताला गाठतो आणि तिथे गर्दी होते. आपल्या हिवाळ्यांच्या नोंदींचा फार उपयोग झाला, ऋणी आहे.

अनसूया तांदूळ निवडत होती. ऐकताना तिचा हात थांबला. "आणि त्या पुस्तकात?"

"बाबांचं नाव आहे, हे बघ." शामलाने पान पुढे केलं. "पुढे सगळे आकडे. मधेमधे मात्र नुसत्या रेघा आहेत. एकोणपन्नासपासून छप्पनपर्यंत, दर उन्हाळ्याला."

"रेघांखाली काय लिहिलंय?"

शामलाने शब्द जुळवून पाहिले. "या महिन्यांत निरीक्षण करण्यात आलेले नाही."

 लक्ष्मीकांतराव आवाजाच्या दिशेने मान वळवून बसले होते. अनसूयेने सूप खाली ठेवलं.

"करण्यात आलेलं नाही, असं का?" ती त्यांना म्हणाली. "मग माझी आई तिकडे झाशीला शेवटचे श्वास घेत होती तेव्हा मी इथे काय करत होते, ते तरी आता सांगा मला."

लक्ष्मीकांतरावांना त्या जूनची, ती फुलीसाठी दोन दिवस थांबल्याची गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा कळली. त्यांनी चाचपडत तिचा हात शोधला. तिने तो दिला नाही.